थांबण्याचे बळ

झाशीच्या परिसरात कॉफीचे झाड वाढत नाही. बुंदेलखंडातील उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, पाऊस बेभरवशाचा असतो आणि जमीन जागोजागी खडकाळ आहे. कॉफीला हवा डोंगरउतार, मोठ्या वृक्षांची सावली, भरपूर पाऊस आणि वर्षभर सौम्य हवा. जगातील जवळजवळ सर्व कॉफी कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील पट्ट्यात पिकते. झाशी या पट्ट्याच्या उत्तरेला, जेमतेम दोन अंशांनी बाहेर आहे. बेंगळुरूहून दिल्लीकडे निघालेली कर्नाटक एक्सप्रेस भोपाळ सोडल्यावर लवकरच कर्कवृत्त ओलांडते आणि काही तासांनी झाशीच्या स्थानकात शिरते. कॉफी पिकवणारा मुलूख मागे राहिलेला असतो आणि कॉफी केवळ पिणारा मुलूख सुरू झालेला असतो. या सीमेवर कोणताही नाका नाही. तरीही जगाच्या व्यापारात या सीमेइतकी अर्थपूर्ण सीमा क्वचितच आढळेल.

झाशीत मराठी माणूस अठराव्या शतकात आला. नेवाळकरांच्या काळात तो येथे रुजला. गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, त्या मंदिराभोवतीचे मराठी घरगुती वातावरण नंतरही टिकून राहिले. पुढे रेल्वेच्या नोकरीमुळे आणखी काही मराठी कुटुंबे या गावात स्थिरावली. या घरांची बोली बुंदेली आणि हिंदी शब्दांनी नटली. स्वयंपाकघराने मात्र काही सवयी तशाच जपल्या. दूध आटवून, साखर घालून, वर जायफळ किसून केलेली कॉफी ही त्यांतलीच एक. चहा रोजचा आणि कॉफी मानाची, असा मराठी घरांतील जुना भेद. पाहुणे आले, घरात कोणी आजारातून उठले, रात्री जागरण असले की कॉफीचा डबा खाली येई. जायफळ केरळातले, कॉफी कर्नाटकातली, आणि दूध तेवढे गावचे. झाशीच्या त्या पेल्यात दक्षिणेचे अर्धे दान असे.

अशाच एका घरातील, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरखर्चाची वही आजही स्वतः लिहितात. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी वहीत कॉफीच्या रकान्यासमोर अर्धा किलोऐवजी पाव किलो असा आकडा लिहिला. कॉफी फारच महागली होती. शाळेत जाणाऱ्या नातीने तो बदल हेरला आणि विचारले, “आजोबा, कॉफी एवढी महाग झाली, म्हणजे ती पिकवणारे आता श्रीमंत झाले असतील ना?”

“अगं, तसे झाले तर चांगलेच,” आजोबा म्हणाले. “पण आपल्या खिशातून गेलेला रुपया वाटेत कुठे कुठे उतरतो, ते पाहायला हवे.”

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र साधे नाही. ते शोधायचे तर झाशीपासून पुष्कळ दूर जावे लागते आणि काळातही बरेच मागे जावे लागते.

जगात सर्वाधिक कॉफी पिणाऱ्या लोकांत फिनलंडच्या लोकांची गणना होते. तेथे दर माणशी वर्षाला दहा किलोंहून अधिक कॉफी लागते. कामगारांच्या करारांतही कॉफीच्या सुट्टीची वेळ नमूद केलेली असते. आणि हा देश तर बर्फाचा! कॉफीचे झाड तेथे काचघरातच जगेल. स्वीडन, नॉर्वे, जर्मनी, इटली, जपान या सर्वांची स्थिती तीच. अमेरिकेची संयुक्त संस्थाने जगातील सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक; हवाई बेटे आणि प्वेर्तो रिको येथील थोडेसे उत्पादन सोडले तर तेथील बहुतेक सर्व कॉफी बाहेरून येते. उलट भारतात दरवर्षी साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते, आणि दर माणशी वापर मात्र वर्षाला शंभर ग्रॅमच्याही खाली राहतो. देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी इटली, जर्मनी, रशिया, बेल्जियम अशा देशांकडे जाते. जो पिकवतो तो फारसा पीत नाही, आणि जो भरपूर पितो तो पिकवत नाही.

या चित्रावरून असे वाटेल, की पिणारे देश पूर्णपणे पिकवणाऱ्यांच्या मुठीत असले पाहिजेत. इतिहासात त्यांना ही भीती वारंवार वाटलीही. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला कॉफीपायी देशाबाहेर जाणारा पैसा खुपत असे. १७७७ साली त्याने प्रजेला बिअर पिण्याचा उपदेश केला. पुढे १७८१ साली कॉफी भाजण्याचा अधिकार राज्याने आपल्याकडे घेतला, आणि चोरून भाजलेल्या कॉफीचा वास घेत गल्लोगल्ली फिरणारी माणसे नेमली गेली. लोकांनी त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ असे नाव दिले. स्वीडनने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीवर अनेकदा बंदी घातली आणि प्रत्येक वेळी ती उठवली. नेपोलियनने १८०६ पासून इंग्रजांचा व्यापार रोखण्यासाठी युरोपची बंदरे बंद केली, तेव्हा वसाहतींतून येणारी कॉफी दुर्मिळ झाली. मग फ्रेंच लोकांनी चिकोरीचे मूळ भाजून, दळून पेल्यात घातले. नाइलाज म्हणून आलेली ही चिकोरी पुढे लोकांच्या आवडीची झाली.

येथे उत्तर प्रदेशाच्या वाचकाने क्षणभर थांबावे. कॉफी ज्या राज्यात पिकत नाही, त्याच राज्यातील एटा आणि अलीगढ या भागांत चिकोरीची शेती होते. मुळे खणायची, कापायची, वाळवायची आणि भाजण्यासाठी पाठवायची. त्यातील मोठा वाटा दक्षिणेकडे जातो. दक्षिणेत जिची थोरवी गायली जाते त्या फिल्टर कॉफीच्या पुडीत अनेकदा हीच चिकोरी असते. कायद्याने अशा मिश्रणात किमान एक्कावन्न टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे झाशीच्या पेल्यात दक्षिण आहे, तशीच दक्षिणेच्या पेल्यात उत्तरेची मातीही आहे. परावलंबनाची रेघ एकाच दिशेने जात नाही, याचे इतके सुबक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आयात करणाऱ्या देशाची धडपड किती दूरवर पोहोचू शकते, हे पूर्व जर्मनीच्या कथेतून दिसते. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना प्रांतात भयंकर हिमतुषार पडले. कोट्यवधी झाडे काळी पडली. दोन वर्षांत जगातील भाव कितीतरी पटींनी वाढले. पूर्व जर्मनीकडे परकीय चलनाची चणचण होती. १९७७ मध्ये सरकारने निम्मी कॉफी आणि बाकी चिकोरी, राय, बीट, वाटाणे यांसारखे भाजलेले पदार्थ असे मिश्रण बाजारात आणले. लोक संतापले. राजकीय गाऱ्हाणी मुकाट गिळणाऱ्या त्या देशातील नागरिकांनी कॉफीसाठी तक्रारींची पत्रे लिहिली. तेव्हा सरकारने दुसरा मार्ग शोधला. १९८० साली व्हिएतनामशी करार झाला. मध्यवर्ती पठारावरील डाक लाक प्रांतात कॉफीचे मळे उभारायचे, त्यासाठी यंत्रे, घरे, दवाखाने, वीज यांची मदत पूर्व जर्मनीने करायची, आणि मोबदल्यात पुढील वीस वर्षे निम्मे पीक घ्यायचे. मळे उभे राहिले. पण झाडाला घाई ठाऊक नसते. पीक पुरेसे हाती येऊ लागले तोवर १९९० साल उजाडले होते आणि त्या वर्षी ३ ऑक्टोबरला पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. व्हिएतनाम मात्र कॉफी लावत राहिला आणि शतकाच्या अखेरीस ब्राझीलच्या खालोखाल जगात दुसरा झाला.

या कथेत गमतीचा भाग आहे, तसाच विचार करायला लावणारा भागही आहे. तुटवडा पडला तेव्हा पिणाऱ्या देशाने काय काय केले? वापर कमी केला, मिश्रण केले, दुसरीकडे लागवड करवली. थोडक्यात, त्याने वाट पाहिली. स्वित्झर्लंडने तर वाट पाहण्याची व्यवस्थाच करून ठेवली आहे. तेथे युद्ध किंवा संकटाच्या काळासाठी धान्य, साखर, तेल यांच्याबरोबर कॉफीचाही साठा राखला जातो. सुमारे पंधरा हजार टन, म्हणजे तीन महिने पुरेल इतका. २०१९ साली तेथील सरकारने विचार मांडला, की कॉफीत उष्मांक जवळजवळ नसतात, म्हणून ती जीवनावश्यक नाही आणि हा साठा बंद करावा. पण विरोध एवढा झाला, की तो विचार थांबवावा लागला. साठा जागेवरच राहिला.

आता दुसऱ्या बाजूकडे, मळ्याकडे वळावे. भारतात कॉफी आली ती बाबा बुदान यांच्याबरोबर, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकात मक्केहून परतताना येमेनच्या किनाऱ्यावरून त्यांनी सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. अरब व्यापारी तेव्हा अंकुर धरणारी बी बाहेर जाऊ देत नसत. पीक आपल्याकडेच राहावे, हा त्यांचा हेतू. सात बियांनी तो बेत मोडला. पुढे इंग्रजांच्या काळात कोडगू, चिकमगळूर, वायनाड येथे मोठे मळे झाले. विदर्भात चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावरही कॉफी लावली गेली. महाराष्ट्रात कॉफीची ओळख सांगणारे ते एकमेव ठिकाण.

कॉफीचे झाड लावल्यापासून फळ धरायला तीन-चार वर्षे घेते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस वेळेवर झाला तर पांढरा, जाईसारख्या वासाचा मोहोर येतो. तो पाऊस चुकला तर वर्षच चुकते. हिवाळ्यात फळे पिकतात. ती एकदम पिकत नाहीत, म्हणून मजुरांना एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. तोडलेले फळ फार काळ तसेच ठेवता येत नाही. ते सोलायचे, धुवायचे, वाळवायचे. आणि भाव? अरेबिका जातीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, रोबस्टाचा लंडनच्या. दोन्ही शहरांत कॉफीचे एकही झाड नाही. मळेवाला झाड उपटून दुसरे लावू शकतो, पण त्याचे उत्तर त्याला चार वर्षांनी मिळते. पिणाऱ्याला मात्र आज कॉफी, उद्या चहा, परवा चिकोरी असा बदल एका सकाळीत करता येतो. या दोघांत खरा परावलंबी कोण, हे त्यामुळे सरळ सांगता येत नाही.

एकट्याला थांबता येत नाही, तेथे अनेकांनी मिळून थांबायचे असते. भारतीय मळेवाल्यांना हा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि कॉफीला गिऱ्हाईक उरले नाही. त्यातून १९४२ चा कॉफीविषयक कायदा आणि कॉफी बोर्ड यांची उभारणी झाली. मळेवाल्याने आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायचे, बोर्डाने ते योग्य वेळी विकायचे आणि आलेला पैसा दर्जाप्रमाणे वाटायचा, अशी ती रीत. घरचे गिऱ्हाईक वाढवावे हा प्रयत्न त्याच्याही आधी सुरू झाला होता. १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले ते याच हेतूने. पुढे १९५७ च्या सुमारास बोर्डाने ही उपाहारगृहे बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. उत्तरेतील अनेक गावांना कॉफीची चव अशा उपाहारगृहांनी लावली. सामाईक साठ्याच्या व्यवस्थेतही दोष होते. पैसे हाती पडायला विलंब होई आणि चांगल्या मालाला वेगळे मोल मिळत नसे, अशी मळेवाल्यांची तक्रार असे. अखेर १९९६ मध्ये ही सक्ती पूर्णपणे उठली आणि प्रत्येक मळेवाला आपला माल हवा तिथे विकायला मोकळा झाला.

जगाच्या पातळीवरही असाच एक प्रयत्न झाला होता. १९६२ साली पिकवणारे आणि पिणारे देश संयुक्त राष्ट्रांच्या छायेत एकत्र आले आणि आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला. कोणत्या देशाने किती कॉफी बाजारात सोडायची याचे वाटे ठरले. भाव फार उतरू लागला की वाटे कमी करायचे, फार चढू लागला की वाढवायचे. शीतयुद्धाच्या काळात गरीब देशांत असंतोष वाढू नये, हाही श्रीमंत देशांचा त्यामागे विचार होता. जुलै १९८९ मध्ये वाट्यांवरील एकमत मोडले. धरणाचे दार निखळावे तशी साठलेली कॉफी बाजारात आली आणि भाव कोसळले. पुढे व्हिएतनामचे पीक वाढत गेले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. मध्य अमेरिकेतील मजूर मळे सोडून शहरांकडे निघाले. केरळातील वायनाडमध्ये कॉफी आणि मिरी या दोन्हींचे भाव एकाच सुमारास बसले, आणि त्या वर्षांत तेथे कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या काळात युरोपातील उपाहारगृहांमधला कॉफीचा पेला त्या प्रमाणात स्वस्त झाला नाही. पेल्याच्या किमतीत कच्च्या बियांचा वाटा अगदी थोडा असतो. भाडे, पगार, भाजणे, बांधणी, जाहिरात यांचा वाटा मोठा. म्हणून मळ्यावर भाव पडतो तेव्हा पेल्याला त्याची जाणीव होत नाही.

पेल्यातील हा मोठा वाटा कोठे राहतो, हेही पाहण्यासारखे आहे. भाजलेल्या कॉफीचा सुगंध लवकर उडतो, कच्ची बी मात्र महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे भाजण्याचे काम पिणाऱ्यांच्या जवळ होऊ लागले. हँबर्ग आणि ब्रेमेन या बंदरांत कच्ची बी उतरते, आणि कॉफीचे एकही झाड नसलेला जर्मनी जगातील मोठ्या कॉफी निर्यातदारांत गणला जातो. बी ज्याची, त्याला बीचे पैसे. सुगंध ज्याच्या कारखान्यात निर्माण होतो, त्याला सुगंधाचे.

आता नातीच्या प्रश्नाकडे यावे. २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, व्हिएतनाममध्येही पाऊस रुसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरांच्या वर गेला. एवढा तो पूर्वी कधीच गेला नव्हता. कर्नाटक आणि केरळातील मळेवाल्यांना, विशेषतः रोबस्टा पिकवणाऱ्यांना, उच्चांकी भाव मिळाले. २०२४-२५ या वर्षात भारताची कॉफी निर्यात सुमारे १.८ अब्ज डॉलरांवर पोहोचली. तेव्हा पिकवणाऱ्याला लाभ झाला, हे खरेच आहे. पण तो सर्वांना सारखा झाला नाही. भारतातील शेकडा अठ्ठ्याण्णवहून अधिक कॉफी उत्पादक लहान आहेत. ज्याने मुलीच्या लग्नासाठी किंवा खतासाठी उचल घेऊन पीक आधीच विकले होते, त्याच्या अंगणातून भाव निघून गेला. ज्याचा मोहोर गळला, त्याला चढ्या भावाचा उपयोग नव्हता. ज्याने मागच्या पडत्या वर्षांत कॉफी काढून टाकली, त्याच्याकडे झाडच नव्हते. मळ्यात राबणाऱ्या मजुराचा रोज तर न्यूयॉर्कच्या भावाबरोबर चढत नाही. लाभ त्याला झाला, ज्याच्या कोठारात माल होता आणि घरात दोन महिने पुरेल इतका पैसा होता. म्हणजे ज्याला थांबता आले, त्याला.

याच २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावले. कॉफी जिच्याकडे जवळजवळ पिकत नाही अशा देशाने कॉफीवर कर लावला, म्हणजे आपल्याच लोकांच्या पेल्यावर लावला. नोव्हेंबरमध्ये कॉफीला त्यातून वगळावे लागले. युरोपीय संघाने २०२३ साली जंगलतोड करून पिकवलेली कॉफी नाकारण्याचा कायदा केला. हेतू चांगला आहे. पण प्रत्येक लहान मळ्याच्या जागेची नोंद दाखवण्याचे ओझे मळेवाल्यावर येते, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. निर्णय बदलला की दूरच्या डोंगरावरील शेतकऱ्याने आपली तयारीही बदलायची. निर्णय घेणारे मात्र तिकडचे.

हे सारे वाचून श्रीमंत देशांना बोल लावणे सोपे आहे. पण हा आरसा झाशीकडेही वळतो. बुंदेलखंडात हरभरा, मसूर, उडीद, वाटाणा ही कडधान्ये मोठ्या प्रमाणावर होतात. झाशीच्या भोजला मंडीत हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. आणि भारत कॉफी विकणारा देश असला, तरी डाळींच्या बाबतीत तो स्वतः आयात करणारा देश आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, म्यानमार आणि आफ्रिकेतील देशांकडून तो डाळी घेतो. २०१५ साली तूरडाळीचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेला, तेव्हा २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी दीर्घ मुदतीच्या तूरखरेदीचा करार केला. तेथील शेतकऱ्यांनी तूर पेरली. तूर हे त्यांचे रोजचे अन्न नव्हे; ती भारतासाठीच पिकते. पण त्याच सुमारास भारतात भरघोस पीक आले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये तूर खरेदी केंद्रांवर गाड्या दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. केंद्र सरकारने आयातीवर मर्यादा घातली आणि मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. लातूरचा शेतकरी आणि मोझांबिकचा शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते. दोघेही एकाच वर्षी एकाच पिकाने हरले.

झाशीच्या मंडीतील वाटाण्याचीही हीच गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पिवळ्या वाटाण्यावरील आयातशुल्क काढले. शहरातील गृहिणीला डाळ-बेसन स्वस्त मिळावे, हा हेतू रास्तच. पण परदेशी वाटाण्याची जहाजे किनाऱ्याला लागतात तेव्हा बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या पोत्यावर दाब येतो. दोन वर्षांनी, २०२५ च्या अखेरीस, शुल्क पुन्हा लावण्यात आले. झाशीतील कॉफी पिणारा गृहस्थ आणि त्याच गावाबाहेरील वाटाणा पिकवणारा शेतकरी हे बाजाराच्या दोन टोकांना उभे आहेत. एकाच जिल्ह्यात फिनलंडही आहे आणि वायनाडही आहे.

म्हणून आयातीवर अवलंबून असणे हा काही दोष नव्हे. सर्व काही आपल्याच मातीत पिकावे, हा हट्ट धरला तर कॉफीबरोबर जायफळ, मिरी, खजूर, हिंग हेही सोडावे लागेल. पृथ्वीने आपली देणगी मुद्दाम विखरून ठेवली आहे, असे वाटावे इतकी ती विखुरलेली आहे. आणि माणसे एकमेकांकडे गेली ती बहुतेक वेळा याच कारणाने. प्रश्न परावलंबनाचा नाही, ते सम आहे की विषम आहे याचा आहे. दोघेही एकमेकांवर अवलंबून असतात, पण एकाला तीन महिने थांबता येते आणि दुसऱ्याला तीन दिवसही थांबता येत नाही. तेथे सौदा मोकळेपणाने झाला, असे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

थांबण्याचे हे बळ आकाशातून पडत नाही. ते उभारावे लागते. कोरडे गोदाम हे थांबण्याचे बळ आहे. गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर मिळणारे रास्त व्याजाचे कर्ज हे थांबण्याचे बळ आहे. २००७ सालच्या वखारविषयक कायद्याने अशा पावतीला मान्यता दिली, तिचा उपयोग अजून खेडोपाडी पोहोचायचा आहे. सहकारी संस्था हे बळ आहे, घरचे गिऱ्हाईक हे बळ आहे, कॉफीच्या सावलीत मिरी आणि संत्री लावणे हेही बळ आहे, कारण एक पीक रुसले तर दुसरे घर सांभाळते. आणि ज्या देशाला आयात करायची आहे, त्याने आपला निर्णय पेरणीआधी सांगणे आणि हंगामभर पाळणे, हे तर सर्वांत स्वस्त बळ आहे. त्याला गोदामही लागत नाही. दिलेला शब्द पुरतो.

बाजारात माल घेताना माणूस भाव विचारतो, वजन पाहतो, दर्जा पाहतो. समोरच्याला आज विकण्याची किती निकड आहे, हे तो सहसा विचारत नाही. उलट, ती निकड ओळखली की भाव आणखी पाडतो. व्यवहाराचे शहाणपण त्याला हेच शिकवते. पण जो स्वतःच्या मंडीत विकणारा म्हणून कधी नडला आहे, त्याला दुसऱ्याची निकड चटकन कळायला हवी. ज्याच्या हाती थांबण्याचे बळ आहे, त्याने ते दुसऱ्याची कोंडी करण्यासाठी वापरायचे की त्यालाही थोडे थांबू देण्यासाठी, याचा निर्णय न्यूयॉर्क आणि लंडन येथे होतो, तसाच दिल्लीत आणि झाशीतही होत असतो.